अनुभव धागा: चाकांच्या एसीने खोली खरंच गार कशी केली?

शेवटचा_मजला (पुणे)

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, सोसायटी दर्शनी बाजूला युनिट टांगू देत नाही, आणि एप्रिलमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला. मग घरात पोर्टेबल एसी येतो आणि पाठोपाठ तक्रार येते, "एक टनाचा म्हणून घेतला, पण गार काही होत नाही." कुठली कंपनी चांगली, हे इथे नको, त्यावर वाद घालायला आयुष्य पडलंय. काय केल्यावर फरक पडला आणि काय केलं ते फुकट गेलं, तेवढंच लिहा. गाव, मजला आणि खोलीचा आकार सांगितलात तर वाचणाऱ्याला उपयोग होईल.

माझ्यापासून सुरुवात. शेवटचा मजला, पश्चिमेची खोली, १० बाय १२. सोबत आलेली खिडकीची पट्टी आपल्या स्लायडिंग खिडक्यांना धड बसत नाही, कारण मध्ये जाळीचा ट्रॅक आणि बाहेर ग्रिल. काचवाल्याकडून खिडकीच्या मापाची अॅक्रिलिक शीट कापून घेतली, एसीची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाएवढं गोल भोक पाडून घेतलं, शीट ट्रॅकमध्ये सरकवली आणि कडेने फोमची टेप लावली. पाइप ताणून लांब नेला होता तो आखडून सरळ केला. एसी चालू असताना त्या पाइपाला हात लावून बघा, इस्त्रीसारखा तापतो, म्हणजे खोलीत आपणच हीटर ठेवलेला असतो. तांब्याच्या पाइपावर घालतात तसल्या काळ्या फोमची शीट त्याला गुंडाळली. या सगळ्यात जास्त फरक खिडकीतल्या अॅक्रिलिक शीटने पडला. जाड पडद्याने पडला, पण थोडा.

उंटावरचा_इंजिनिअर (नाशिक)

शीटने फरक का पडला ते सांगतो. एका पाइपाचा एसी गरम बाजू थंड करायला खोलीतलीच हवा घेतो आणि बाहेर फेकतो. बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत येणारच: दाराखालून, खिडकीच्या फटीतून, जुन्या एसीच्या भोकातून. १० बाय १२ ची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम ३४ घनमीटर हवा. यंत्र ताशी ३०० घनमीटर बाहेर टाकतं असं धरा, म्हणजे सात मिनिटांत खोलीभर हवा बाहेर! तितकीच तापलेली आत.

अमेरिकेत म्हणूनच अशा एसीच्या खोक्यावर दोन आकडे छापतात. १४,००० बीटीयूवाल्याचा (बीटीयू म्हणजे ताशी किती उष्णता काढतो त्याचं माप) दुसरा, खरा आकडा बहुधा १०,००० किंवा त्याहूनही कमी असतो. १२,००० म्हणजे एक टन, हे लक्षात ठेवून आपापला हिशेब करा.

परीक्षा सोपी आहे. दार लावून एसी चालू करा, अगरबत्ती पेटवून सगळ्या फटींपाशी फिरवा. जिथे धूर जोरात आत ढकलला जातो, तिथे पैसे चाललेत. पण सगळं हवाबंद करायच्या मागे लागू नका. हवा येणारच आहे, तर ती कुठून यावी हे तुम्ही ठरवा. गच्चीकडची, पश्चिमेची बाजू बुजवा आणि आतल्या सावलीतल्या पॅसेजकडची दाराखालची फट राहू द्या. आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद, तो याच कामात भर घालतो.

व्हिएन्नाची_माई (व्हिएन्ना)

फटी बुजवणाऱ्यांनी हे आधी वाचा. आमच्याकडे जुन्या इमारतींमध्ये घरातच गॅसचा बॉयलर असतो, त्याचा धूर चिमणीने वर जातो. असा एसी हवा बाहेर ओढायला लागला की चिमणीतली ओढ उलटू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर उन्हाळ्यात इथलं अग्निशमन दल आणि चिमण्या साफ करणारे लोक यावर कंठशोष करतात. आमच्या चिमणीवाल्याने तर एसी बघताक्षणी आधी बॉयलरकडे बोट दाखवलं.

खिडकीबद्दल: इथल्या खिडक्या वरून आत कलतात, त्यांना चेनवालं कापड चिकटवतात. कापड बरं, पण ऊन त्यातून आत येतंच. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो काचेच्या बाहेरच्या शटरचा. सकाळी ऊन फिरायच्या आत खाली. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचं शटर येऊच देत नाही.

कोथरूडची_सून

माई, एक विचारते. आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि बाथरूम बेडरूमला लागूनच. मग?

व्हिएन्नाची_माई

अगं, गीझर चालू असताना एसी बंदच ठेव आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेव. जमलं तर गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत हलवून घे. एसी नसला तरी बंद बाथरूममध्ये गॅस गीझर वाईटच.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

राजेहो, तुमच्या ३८ डिग्रीत हे लाड चालतात. इथं मे महिन्यात बाहेर ४५ असते, आणि फटीतून तीच हवा आत घुसते. दुपारी तीनला मशीन सुरू कराल तर भिंतीच गरम, मशीन करून करून काय करेल? मी अकराच्या आत सुरू करतो. खोलीचं दार हॉलकडे उघडते. हॉलच्या खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी. जी हवा येईल ती ताटीतून येईल. हेच सगळ्यात कामी आलं.

आणखी एक. बाजारात दोन-अडीच हजारात "पोर्टेबल एसी" म्हणून टेबलावरचे डबे विकतात. त्यात पाणी टाका, बर्फ टाका, तो कूलरच. मागं गरम हवेचा पाइप नसन तर तो एसी नाही बाप्पा, उष्णता जाईल कुठं?

उंटावरचा_इंजिनिअर

ठेचासाहेब, ताटीतून आलेली हवा गार असते पण ओलीही असते. एकूण उष्णता तेवढीच राहते, फक्त पाण्याच्या वाफेत लपते. एसीला ते पाणी काढावं लागलं की हिशेब बरोबरीत.

वऱ्हाडी_ठेचा

काढावं लागलं तर ना! आमची हवा इतकी कोरडी की थोडी ओल झाली तर नाकाला बरंच वाटते. तुमचा हिशेब नाशकात ठेवा, माझी खोली गार आहे.

उंटावरचा_इंजिनिअर

हे मान्य. नागपुरात चालेल, मुंबईत अजिबात नाही.

खाडीपल्याड (डोंबिवली)

मुंबईकडचं मी सांगते. आमचा त्रास गरमीपेक्षा पाण्याचा. मशीन म्हणतं "आपोआप वाफ करून बाहेर टाकतो", पण जूनच्या पहिल्या पावसाआधी हवेत इतकं पाणी असतं की टाकी भरते, दिवा लागतो आणि एसी गप्प, तोही बरोब्बर पहाटे. मागच्या खालच्या बुचाला नळी लावून ती बाथरूमच्या जाळीत सोडली. नळीला उतार हवा, म्हणून एसी बुटक्या, भक्कम पाटावर चढवला. त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालणं बंद केलं, तेव्हा कुठे गारवा जाणवायला लागला.

एसीला हवेच्या जाळ्या दोन असतात, हेही कुणी सांगत नाही. वरची सगळे धुतात. मागची, गरम बाजूची, तशीच राहते आणि बेडखालचा सगळा कापूस तिथे जमतो. आणि एक्स्टेंशन बोर्ड नको. हा बाराशे-चौदाशे वॅट ओढतो, जाड पिनचा वेगळा पॉइंटच हवा.

सिअॅटलकर

इथे बऱ्याच घरांत एसी नव्हताच. २०२१ च्या जूनमध्ये सिअॅटल ४२ च्या वर आणि पोर्टलंड ४६ च्या वर गेलं, त्यानंतर लोक दुकानांवर तुटून पडले. मी दोन पाइपांचा घेतला: एकाने बाहेरची हवा आत यंत्रात, दुसऱ्याने परत बाहेर. खोलीतली हवा बाहेर जात नाही, त्यामुळे फटींचं लचांड बरंच कमी. महाग आहे, अवजड आहे, खिडकी जास्त अडते. काही जण एका पाइपाच्या मशीनला मागून पुठ्ठ्याचं खोकं चिकटवून दुसरा पाइप जोडतात. गरम बाजूची जाळी वेगळी असेल तरच ते जमतं, आणि वॉरंटीला राम राम.

इथे रात्री बाहेर गार होतं. तेव्हा एसी बंद, खिडकीत पंखा. पुण्यातही मार्चमध्ये हे चालायला हरकत नाही.

कोथरूडची_सून

१८ वर ठेवला तर लवकर गार होतं का? घरी यावरून रोज वाद.

शेवटचा_मजला

नाही. साध्या कॉम्प्रेसरच्या मशीनमध्ये १८ काय नि २५ काय, गारवा त्याच वेगाने येतो. १८ ठेवलं तर थांबतच नाही, एवढाच फरक. २५-२६ वर ठेवा, छताचा पंखा हळू फिरू द्या. स्लॅबखाली राहत असाल तर मात्र पंखा वरची गरम हवा खाली आणतो असं मला वाटतं, म्हणून मी टेबल फॅन वापरतो. इंजिनिअरसाहेब यावर येतीलच.