मुंबई गाठायची गरज नाही

विमा कंपनीनं दावा नाकारला, तर कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, म्हणून केसही तिथंच लढावी लागेल, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. शिरपूरकरांनी धुळ्यात, चोपड्याच्या मंडळींनी जळगावात. तक्रारीचं शुल्क विमा रकमेवर नव्हे, भरलेल्या हप्त्यावर ठरतं. ५ लाखांपर्यंत शून्य. तक्रारीची मुदत २ वर्षं, म्हणून तोंडी नकारावर थांबू नका, कारणासह लेखी पत्र मागा.

विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जायचं तर आयोगाआधी, नंतर ते तक्रार घेत नाहीत.

आणि जीवन विम्यात ३ वर्षांनंतर ‘आजार लपवला’ हे नकाराचं कारण विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे टिकत नाही. बंद पॉलिसी पुन्हा चालू केली असेल, तर ३ वर्षं तिथून मोजा.