मदत हवी आहे: टॉवर नसलेल्या विमानतळावरून आयएफआर निघताना क्लास जी मध्ये एटीसीचा शब्द कुठपर्यंत चालतो?

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयएफआर, म्हणजे ढगात उपकरणांच्या भरवशावर उडायचा परवाना) करतोय. चेकराइड (परवान्याची उड्डाण परीक्षा) तोंडावर आली आहे आणि एका गोष्टीवरून माझं आणि इन्स्ट्रक्टरचं पटत नाहीये. इथे पायलट आणि कंट्रोलर दोघेही आहेत, म्हणून विचारतो.

आमच्या विमानतळाला टॉवर नाही. जमिनीपासून ७०० फुटांपर्यंत क्लास जी (अनियंत्रित हवाई हद्द), त्यावर क्लास ई (नियंत्रित). गेल्या शनिवारी सकाळी ढग ५०० फुटांवर होते. सेसना १७२ चं इंजिन चालू करायच्या आधी फोनवरून क्लिअरन्स (एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी) घेतला. नीबोर्डवर पेन्सिलीने उतरवलेला तो कागद अजून समोर आहे: नियंत्रित हद्दीत शिरताना हेडिंग २७० (पश्चिम दिशा), उंची ४०००, १३४० झुलूपर्यंत (यूटीसी वेळ) उड्डाण झालं नाही तर रद्द. रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत) उजव्या मॅग्नेटोवर इंजिन धडधडायला लागलं. मिक्स्चर लीन करून प्लग साफ होईपर्यंत वेळ गेला. धावपट्टीच्या तोंडाशी आलो तेव्हा घड्याळात १३४१.

इन्स्ट्रक्टर म्हणाला, "चल, निघू या. ७०० फुटांपर्यंत एटीसीचं काही चालत नाही. वर गेल्यावर रेडिओवर नवीन क्लिअरन्स मागू." मी ब्रेक सोडले नाहीत. पुन्हा फोन लावला, नवीन वेळ घेतली आणि ११ मिनिटांनी निघालो. खाली आल्यावर मात्र बराच वाद झाला.

त्याचा आधार अमेरिकी उड्डाण नियमांतलं कलम ९१.१७३. त्यात लिहिलंय की नियंत्रित हवाई हद्दीत आयएफआर उडायचं तर फ्लाइट प्लॅन आणि क्लिअरन्स दोन्ही हवेत. जी क्लासचा त्यात उल्लेख नाही, हे मलाही मान्य आहे. पण आमचं १७२ एका मिनिटात ७०० फूट चढतं. तेवढ्या वेळात डोंगराआडून रेडिओ लागला नाही तर आम्ही ढगात, क्लास ई मध्ये, क्लिअरन्सशिवाय. तिथून मागे वळायलाही जागा नाही.

शिवाय रद्द होण्याच्या वेळेचं मला जास्त वाटतं. आम्ही निघून संपर्क करेपर्यंत, नाहीतर त्या वेळेनंतर ३० मिनिटं होईपर्यंत, कंट्रोलर आमच्या विमानतळावर दुसऱ्या आयएफआर विमानाला येऊ-जाऊ देत नाही. कुणीतरी ढगात घिरट्या घालत आमच्यासाठी थांबलेलं असू शकतं. निघालो नाही तर फोन करून सांगायचं ते याचसाठी. आणि एआयएममध्ये (पायलटांसाठीच्या सरकारी मार्गदर्शिकेत) स्पष्ट आहे की त्या वेळेला किंवा त्यानंतर निघालात तर आयएफआर सेपरेशन (इतर विमानांपासून राखलेलं अंतर) मिळणार नाही. म्हणजे ठोक्याला १३४० झाले तरी क्लिअरन्स गेलाच.

आता दुसरा प्रश्न, जो मला खरंच सुटत नाहीये. आमच्या धावपट्टीच्या पश्चिमेला डोंगराची रांग आहे. ऑब्स्टॅकल डिपार्चर (अडथळे टाळून चढायची ठरलेली पद्धत) सांगतं की २३०० फुटांपर्यंत सरळ चढा, मग वळा. क्लिअरन्स सांगतो की नियंत्रित हद्दीत शिरताना हेडिंग २७०, म्हणजे थेट डोंगराकडे. ९१.१२३ प्रमाणे घेतलेला क्लिअरन्स मोडता येत नाही. मग ऐकायचं कुणाचं? १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए ५१४ व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं, ९२ माणसं गेली. क्रूला वाटलं अप्रोचचा क्लिअरन्स मिळाला म्हणजे १८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. कंट्रोलर धरून चालला होता की उंचीचं ते बघतील. तो अहवाल वाचल्यापासून "क्लिअर्ड" हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, डोंगराची जबाबदारी कुणाची?

कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.

प्रतिसाद:

शनिवारी थांबलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. ९१.१७३ मधून सुटलात तरी ९१.१३ आहे. जी क्लासमध्ये क्लिअरन्सशिवाय ढगात टेकऑफ करणं बेदरकारपणा आहे असं एनटीएसबीने (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने) ठरवलेलं आहे. चेकराइडला हे नक्की सांगा.

हेडिंगचं असं आहे की तुमचं विमान रडारवर दिसून व्हेक्टर (कंट्रोलरने दिलेली दिशा) मिळेपर्यंत डोंगर चुकवणं तुमच्याच अंगावर. फोनवर बोलणाऱ्या कंट्रोलरला तुमची धावपट्टी दिसत नसते. म्हणून क्लिअरन्स घेतानाच म्हणायचं, "मी ऑब्स्टॅकल डिपार्चर उडणार आहे, २३०० नंतर २७० घेतो." मी वीस वर्षांत कितीदा तरी असं सांगितलंय, एकदाही नकार आला नाही. पण हे रीडबॅकच्या (क्लिअरन्स परत वाचून मान्य करण्याच्या) आधी बोला. एकदा मान्य करून हवेत गेल्यावर मनाने बदलू नका, कारण ९१.१२३ तिथे लागू होतो. इमर्जन्सी असेल तर ९१.३ (पायलटला नियम मोडायची मुभा) आहेच.

मूळ लेखक:

मनापासून आभार. रीडबॅकच्या आधी बोलायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. एकच राहिलं: कंट्रोलर म्हणाला, "२७० च हवंय, ट्रॅफिक आहे", तर मी जमिनीवरच थांबून दुसरी वेळ मागायची ना?