'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट' पचत नाही. इंडस्ट्रियल संगीतात आता कुठे वळावे?

मंद्रसप्तक

नमस्कार. गेली दहा-बारा वर्षे मी नाइन इंच नेल्स हा अमेरिकन बँड नेमाने ऐकत आलो आहे आणि 'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) तर मला जवळजवळ पाठ आहे. त्यातल्या 'क्लोजर'चा तो जड, दमदार ठोका मुळात इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून उचलून बदलून घेतलेला आहे हे कळले, तेव्हापासून या इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांचे आणि गोंगाटाचे आवाज वापरणाऱ्या, संगीताच्या मुळाशी जाऊन पाहावे असे मनाने घेतले. जिथे विचारावे तिथे एकच उत्तर मिळाले, की थ्रॉबिंग ग्रिसल या इंग्लिश बँडच्या 'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट' या पहिल्याच अल्बमपासून (१९७७) सुरुवात करा. म्हणून तो अल्बम घेतला आणि प्रामाणिकपणे तीन वेळा ऐकला.

पहिल्या बाजूवर त्याच दोन रचना वेगवेगळ्या ठिकाणी सादर केलेल्या आहेत, आणि सगळे ध्वनिमुद्रण गोधडीखाली टेपरेकॉर्डर ठेवून केल्यासारखे ऐकू येते. तिसऱ्या वेळी आईने आतल्या खोलीतून 'टाकीची मोटर चालू राहिली आहे का बघ' असे सांगितले, आणि मला तिला खोटे ठरवता येईना.

माझ्याच कानात काही कमी आहे, की लोक केवळ ऐतिहासिक आदरापोटी या अल्बमचे कौतुक करतात? सध्या दोन-तीन तबकड्यांपुरतेच पैसे बाजूला काढता येतील, तेव्हा पुढचे पाऊल विचार करून टाकायचे आहे. जर्मन मला येत नाही. त्यामुळे बर्लिनकडच्या बँडबाबत काही अडेल का, तेही सांगावे.

जुनी_कॅसेट

तुमच्या कानात काही कमी नाही, पण तुम्हाला दिलेला सल्ला आळशीपणाचा होता. तुकारामांची गाथा पहिल्या अभंगापासून ओळीने वाचत जा असे आपण कोणा नवख्याला सांगत नाही. इथे मात्र जो तो पहिल्या तबकडीकडेच बोट दाखवतो.

त्या अल्बमच्या नावातच 'अहवाल' हा शब्द आहे आणि तो गमतीने घातलेला असला तरी खरा आहे. या मंडळींनी १९७६ मध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली (या संगीतप्रकाराला नाव मिळाले ते तिथून) आणि पुढच्या वर्षी त्या अहवालाच्या अवघ्या ७८५ प्रती काढल्या. कोणत्या गावी काय घडले याची ती नोंद आहे, आणि नोंद म्हणूनच ती मोलाची आहे; गुणगुणण्यासाठी ती केलेलीच नाही. मात्र दुसऱ्या बाजूवर 'आफ्टर सीझ टू एक्झिस्ट' ही वीसेक मिनिटांची सलग रचना आहे, ती रात्री, आवाज अगदी लहान ठेवून, एकदा ऐका आणि मगच तो अल्बम फडताळात ठेवून द्या.

तुम्ही घ्यायला हवा तो '२० जॅझ फंक ग्रेट्स' (१९७९). त्यात वीस गाणी नाहीत आणि जॅझशी त्याचा काडीचा संबंध नाही. मुखपृष्ठावर नीटनेटके कपडे घातलेली चार माणसे फुलापानांच्या हिरवळीवर उभी आहेत, एखाद्या वाद्यवृंदाच्या स्वस्तातल्या तबकडीवर असावीत तशी. ती जागा म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा 'बीची हेड' हा कडा, आणि तो आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध आहे, हे कळल्यावर ते चित्र पहिल्यासारखे दिसत नाही. आतले संगीतही त्याच रीतीने चालते. 'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह'मध्ये बँडमधल्या क्रिस कार्टरने इतका गोड, चकचकीत सिंथेसायझर वाजवला आहे की ते खुशाल एखाद्या डिस्कोत लावता येईल (कार्टर 'आबा' या स्वीडिश पॉप गटाचा चाहता होता, आणि ते लपतही नाही), आणि त्यावर त्याची सहकारी कोझी फॅनी टुट्टी कानाशी आल्यासारखी कुजबुजते. लगेच 'पर्स्युएशन' ऐका. बासचे मोजकेच स्वर पुन्हापुन्हा येत राहतात आणि गायक जेनेसिस पी-ऑरिज सपाट आवाजात बोलत राहतो.

तुमच्या आवडीच्या नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरचा राग चढत जातो, फुटतो आणि शेवटी 'हर्ट'मध्ये त्याचे रडू होते. त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. थ्रॉबिंग ग्रिसलमध्ये कोणी रागावतच नाही. ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते ती त्यांची बेफिकिरी, आणि ती एकदा कानाला कळली की पहिल्या अल्बममधली ती गोधडीसुद्धा समजू लागते. या अल्बमवरही एक-दोन भरतीचे तुकडे आहेत, शीर्षकगीत तर मला आजही बेतास बातच वाटते. तरी पैसे वाया जाणार नाहीत.

धोटा

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे. माझे म्हणणे फक्त बर्लिनपुरते.

माझे बालपण इचलकरंजीत गेले. घराला लागूनच आमचे आठ साधे माग होते, तेव्हा यंत्राच्या आवाजाचे कौतुक कोणी मला सांगू नये, अशी माझी समजूत होती. आठही माग चालू असले की कोणत्याही दोघांचा ठोका जुळत नाही. पहिली पाच मिनिटे नुसता कल्लोळ असतो, आणि मग कान आपोआप त्यातून एक-एक माग वेगळा काढू लागतो. तिसऱ्या मागाचा धोटा उजवीकडे जरा उशिरा आदळतो, हे वडिलांना दारातूनच कळत असे. पण खरा क्षण वीज जाण्याचा. माग एकदम थांबत नाहीत. एकेक मंदावतो, शेवटचा एखादा खट्टदिशी येतो आणि त्यानंतरची शांतता कानांवर हात ठेवल्यासारखी जाणवते.

आइन्स्टुर्झेंडे नॉयबाउटेन हा बँड मला आवडला तो त्या शांततेसाठी. पत्रे, सळ्या, स्प्रिंगा, ड्रिल घेऊन वाजवणारे पुष्कळ होऊन गेले, पण आवाज कुठे तोडायचा हे यांच्याइतके कोणाला कळले नाही. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये त्यांनी सुरुवात केली, तेव्हा हातात पैसे नव्हते आणि त्यांच्यातल्या एन. यू. उनरूने आपले ड्रम विकून टाकलेले होते, असे सांगतात; म्हणून बांधकामावरचे भंगार वाद्य झाले. 'कोलाप्स' (१९८१) हा त्या काळातला अल्बम. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमसमोर आपली सगळी 'वाद्ये' मांडून काढलेला त्यावरचा फोटो म्हणजे पिंक फ्लॉइडच्या एका प्रसिद्ध छायाचित्राची टर आहे. अल्बम मोठा आहे यात वाद नाही, पण तुम्ही आत्ता तो घेऊ नका. त्याचा आवाज पातळ आणि कडकडीत आहे, आणि टाकीच्या मोटरीचा प्रश्न पुन्हा उद्भवेल.

'हाल्बर मेन्श' (१९८५) घ्या. शीर्षकरचनेत एकही वाद्य नाही, धातूचा तुकडाही नाही. नुसते मानवी आवाज, समूहगानाचे, एकमेकांवर रचलेले. भंगार वाजवणाऱ्या बँडने अल्बमच्या नावाच्याच रचनेत सगळे भंगार बाजूला सारावे, यातच त्यांची हिंमत दिसते. मग 'यू-गुंग'मध्ये धातू परत येतो आणि तो असा ठेका धरतो की पाय थांबत नाही. 'लेट्स्टेस बीस्ट'मध्ये एक जाड तार खर्जात घुमत राहते आणि गायक ब्लिक्सा बार्गेल्ड तिच्या भोवतालची जागा रिकामी ठेवतो. जर्मन येत नसल्याने अडत नाही. त्याचा तो गळ्याच्या तळातून निघून वर चिरत जाणारा स्वर कोणत्याच भाषेतला नाही. शब्दांचे भाषांतर नंतर वाचा, ते वाचण्यासारखे आहेत.

पुढे कधी 'सायलेन्स इज सेक्सी' (२०००) ऐकलात तर त्याच्या शीर्षकगीताकडे लक्ष द्या. मधल्या स्तब्धतेत सिगारेटचा झुरका ओढल्याचा आवाज तेवढा येतो. त्यानंतरचे त्यांचे काही अल्बम मला जास्तच सभ्य वाटतात, पण तो वेगळा विषय आहे.

दोनशेबेचाळीस

क्षमा असावी, पण आपण दोघेही या गृहस्थांना वस्तुसंग्रहालयात पाठवत आहात. ते नाइन इंच नेल्सकडून आले आहेत, म्हणजे त्यांच्या कानाला ठेका हवा आहे. रेझनरचे घराणे थ्रॉबिंग ग्रिसलपेक्षा व्हँकूव्हर, शिकागो आणि बेल्जियम इथले जास्त आहे. त्याचे पहिलेच गाणे 'डाउन इन इट' व्हँकूव्हरच्या स्किनी पपी या बँडच्या 'डिग इट'वर बेतलेले असल्याचे त्याने स्वतः मान्य केले आहे, आणि १९८८ मध्ये तो त्यांच्याच दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर येत असे.

माझ्या मते पहिली खरेदी फ्रंट २४२ या बेल्जियन बँडच्या 'फ्रंट बाय फ्रंट'ची (१९८८) व्हावी. माझे टोपणनाव पाहून पक्षपात वाटेल तर वाटू द्या. त्यात गिटार नाही, सुरेल हळवेपणा नाही. सिक्वेन्सरने (स्वर ठरल्या क्रमाने आपोआप वाजवणाऱ्या यंत्राने) चालवलेला बास आणि हुकूम सोडावेत तसे शब्द, एवढ्यावर 'हेडहंटर' उभे आहे. ते ऐकल्यावर 'प्रिटी हेट मशीन'मध्ये (१९८९) काय कुठून आले ते तुम्हाला आपोआप कळेल.

दुसरी कॅबरे व्होल्तेरची 'द क्रॅकडाउन' (१९८३). हे पोलादाच्या कारखान्यांच्या शेफील्डचे. त्यांच्यातला टेपचा जादूगार क्रिस वॉटसन १९८१ मध्ये बाहेर पडला आणि पुढे निसर्गातले आवाज टिपणारा नामांकित ध्वनिमुद्रक झाला. उरलेल्या रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर यांनी तोच संशयी, कोंदट भाव नाचाच्या ठेक्यावर आणून बसवला. जाणकार मंडळी 'रेड मेक्का'ला (१९८१) श्रेष्ठ मानतात. मान्य आहे, पण मी वर्षातून एकदा 'रेड मेक्का' ऐकतो आणि महिन्यातून दोनदा 'द क्रॅकडाउन'.

धोटा

नाचाचे म्हणणे रास्त आहे आणि 'द क्रॅकडाउन'बद्दल वाद नाही. मात्र फ्रंट २४२ चा ठेका मला आखीव वहीसारखा वाटतो; रेघ कुठेही हलत नाही. सिक्वेन्सरला थकवा नसतो हे मान्य, पण तिसऱ्या मागाचा तो उशिरा आदळणारा धोटा मला तिथे सापडत नाही.

दोनशेबेचाळीस

रेघ हलत नाही हेच तर त्यांना साधायचे होते! वाकण्याची कसलीही शक्यता नसलेल्या ठेक्यावर माणसाच्या अंगाने काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पाय देतात.

ललत

यंत्र, ठेका आणि त्यातली लवचिकता असा विषय निघालाच आहे, तर एक तबकडी सुचवतो. ती इंडस्ट्रियल नाही, पण याच वादाला वेगळे उत्तर देते, आणि तिचे गाव मुंबई आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. साधने तीन, तिन्ही रोलंड कंपनीची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बासचे यंत्र. तेव्हा तो फारसा खपला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि 'शिकागोच्या आधी ॲसिड हाऊस भारतात जन्मले' (ॲसिड हाऊस म्हणजे ३०३ च्या आवाजावर चालणारे, शिकागोतले नाचाचे संगीत) अशी हाकाटी सुरू झाली, कारण ज्या तबकडीपासून ॲसिडची गणना होते ती फ्यूचर या शिकागोच्या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ ची आहे.

मला ही हाकाटी पटत नाही. शिकागोच्या त्या मुलांनी ३०३ ची बटणे भलतीकडे फिरवून तिला किंचाळायला लावले; चरणजित सिंग यांनी तिला रागाचे स्वर म्हणायला लावले. यंत्र एक, पण हेतू निराळे. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती बासवादकाची नक्कल करता यावी म्हणून दिलेली, आणि त्यात ते यंत्र इतके अपयशी ठरले की कंपनीने १९८४ मध्ये ते बंद केले. या अल्बमवर मात्र ती घसरण कानाला मींडेच्या इतकी जवळ जाते की भैरवी ऐकताना मी दचकलो होतो. ८०८ चा ठेका 'दोनशेबेचाळीस' यांना हवा तसा अढळ आहे, आणि वरचा स्वर 'धोटा' यांना हवा तसा हलतो. दहाही राग एकाच वेगाने हाकले आहेत ही उणीव खरीच. मेघमल्हाराला तरी थोडे थांबू द्यायला हवे होते.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या चार दिवसांत शक्य तेवढे ऐकून पाहिले.

'हाल्बर मेन्श'च्या शीर्षकगीताने मला पूर्ण गप्प केले. पहिल्या खेपेला मी तासाभरात दुसरे काही लावूच शकलो नाही. 'पर्स्युएशन' हेडफोनवर ऐकताना मध्येच उठून खोलीतला दिवा लावला, हे कबूल करतो. 'हेडहंटर' पहिल्या अर्ध्या मिनिटातच आवडले, पण अख्खा अल्बम सलग ऐकताना मीही 'धोटा' यांच्या बाजूला झुकलो. 'द क्रॅकडाउन'मध्ये मात्र तसे झाले नाही. 'आफ्टर सीझ टू एक्झिस्ट' सांगितल्याप्रमाणे रात्री लहान आवाजात लावले, आणि त्या गोधडीबद्दलचे माझे मत निम्मे तरी मागे घेतो.

तबकड्या मागवल्या त्या 'हाल्बर मेन्श', '२० जॅझ फंक ग्रेट्स' आणि 'द क्रॅकडाउन'. चरणजित सिंग यांची पुढच्या महिन्यात घेईन. त्यातली भैरवी काल दिवाणखान्यात लावली होती. आई दारात येऊन मिनिटभर उभी राहिली, 'ही भैरवी आहे ना, मग एवढी घाई कसली?' असे म्हणाली आणि आत गेली.