नागपूर धोक्याचं आणि आपलं गाव सुरक्षित? मला नाही पटत

राळेगावची_माय
बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी तोच वाद. पोरीला नागपूरला पाठवायचं की यवतमाळातच बीए करू द्यायचं. यंदा धाकट्या भाचीवरून घरात वाजलं. माझे दीर म्हणतात, "नागपूर म्हणजे क्राइम कॅपिटल, पेपर वाचत नाही का?"

पेपर मीही वाचते. देशभरातल्या गुन्ह्यांची मोजदाद ठेवणाऱ्या सरकारी एनसीआरबीनुसार २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्यातले ९,९६२ भांडणातून झाले. कुठे जागेचं, कुठे पैशाचं, कुठे घरातलंच. ३,७६१ जुन्या वैरातून. पैसा किंवा फायदा लाटण्यासाठी झालेले १,८८४. मग क्लासहून परतणाऱ्या पोरीने या आकड्याला किती घाबरायचं?

थोरली भाची धरमपेठेत राहते. साडेआठला क्लास सुटतो, ती पायी रूमवर येते. रस्त्यात मेडिकल उघडं, ज्यूसवाला उभा, माणसांची ये-जा. आमच्याकडे दिवस मावळल्यावर पोरगी फाट्यावर उतरली की बापाला गाडी काढावी लागते. फाट्यापासून गावापर्यंत एकच दिवा, तोही देशी दारूच्या दुकानासमोर. सांगा आता, सुरक्षित कुठे?

महालकर
ताई, धरमपेठ म्हणजे नागपूर नव्हे. भाचीची रूम वस्तीच्या टोकाला असती तर हीच पोस्ट उलटी लिहिली असती तुम्ही. कस्तुरबा नगर आठवतं? एका गुंडाने अख्खी वस्ती वेठीस धरली होती. ठाण्यात आमचं कोणी ऐकतच नाही, असं तिथल्या बायका सांगत होत्या. शेवटी १३ ऑगस्ट २००४ ला जमावाने त्याला जिल्हा न्यायालयातच संपवलं, आणि त्यात बायका पुढे होत्या. त्या वस्तीतल्या पोरीला विचारा शहर कसं वाटायचं ते. "आमच्या भाचीला काही झालं नाही" हा पुरावा होत नाही.

नोंदवही
आकड्यांना इतकं झोडपू नका. चोरी, छेडछाड, मारहाण यांची नोंद कमी-जास्त होते हे मान्य. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर मोजणीत सगळ्यात गंभीर तेवढाच धरतात, हेही खरं. पण प्रेत लपवणं अवघड असतं. म्हणून दोन शहरांची तुलना करायची तर त्यातल्या त्यात विश्वासाचा आकडा खुनाचाच. तुमचा अनुभव एका रस्त्याचा, एका वेळेचा आहे. आकडा सगळ्यांचा आहे.

एक खोट मात्र मीच सांगतो. महानगरांचा गुन्ह्यांचा दर, म्हणजे लाख लोकांमागे किती गुन्हे, काढताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात, नागपूरसाठी २४.९८ लाख. शहर वाढलं, भाजक तिथेच राहिला, म्हणून दर आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो. पेपरवाले हे छापत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
नोंदवही भाऊ, गावचा आकडा कमी कायले दिसते ते मी सांगतो. ठाणं पडते तालुक्याले. माह्या वावरातली मोटारीची केबल चोरीले गेली, दिवसाची मजुरी पाडून गेलो, तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या चकरीले कोण जाते बावा? इकत घेतली नवी केबल. आता ह्या चोरीची नोंद कोणत्या कागदावर हाये?

आन् २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. योजना चांगली, मी नाव नाई ठेवत. पण आमच्या पंचक्रोशीत एका गावानं बक्षिसापायी असे तंटे मिटवले का ज्याले मार पडला त्यालेच चहा पाजून सही घेतली. कागदावर गाव शांत.

शेगावचा_वारकरी
गावाला एवढं वाईट ठरवू नका हो. इथे पोरगी कोणाची ते सगळ्यांना माहीत असतं. कोणी वाकडं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्या बापापर्यंत बातमी जाते. शहरात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेच ठाऊक नसतं.

राळेगावची_माय
दादा, घोडं तिथेच अडतं. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९५ टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो, हेही एनसीआरबीचंच. बातमी बापापर्यंत जाते खरी, पण पुढे होतं काय? पोरीची शाळा बंद आणि दिवाळीनंतर लग्न. पोरगा पानठेल्यावर तसाच उभा. आणि सगळे एकमेकांना ओळखतात असं म्हणता, तर खैरलांजीही गावच होतं. २९ सप्टेंबर २००६, गावातल्याच जमावाने एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. तिथे कोण कोणाला ओळखत नव्हतं?

घराच्या आतलं तर धरलंच नाही अजून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या बायका देशभरात शहरात २४.२ टक्के, खेड्यात ३१.६. मार खाणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या १४ टक्के. बाकीच्यांचा मार कोणत्या तक्त्यात येतो?

महालकर
मग हिंगणघाट विसरू नका. फेब्रुवारी २०२०, सकाळची वेळ, भर चौक, कॉलेजला निघालेल्या प्राध्यापिकेला पेटवून दिलं. शहर नाही, खेडं नाही, तालुक्याचं गाव. उजेडही होता, माणसंही होती. तुमचा ज्यूसवाला सगळीकडे वाचवत नाही.

राळेगावची_माय
वाचवतो असं मी म्हटलंच नाही. तो असला की पोरगी घराबाहेर पडते, एवढंच म्हणते.

समृद्धीने_ये_जा
तुम्ही सगळे खुनावरच अडलात. २०२२ मध्ये रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. खुनांच्या जवळपास सहापट! १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस जळाली, २५ माणसं गेली. तरी पोरीला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवताना कोणी विचारतं का, ड्रायव्हर किती तासांपासून चालवतोय?

वऱ्हाडी_ठेचा
राळेगावच्या ताईले वाघीण आठवत असन. टी-वन. तेरा माणसं तिच्या नावावर लागली, २ नोव्हेंबर २०१८ ले मारली. तवर कापूस वेचाले बाया घोळक्यानं जात, पाच वाजता वावर खाली. तवा तुमच्या गुन्ह्याच्या यादीत आमच्या शिवाराचा भोपळा! आकडा म्हणे लय सुरक्षित तालुका.

नोंदवही
वाघिणीची नोंद वनखात्याकडे असते, गुन्ह्याच्या यादीत कशी येईल? आकडा चुकीचा नाही, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय.

राळेगावची_माय
हेच मी दिरांना सांगतेय पंधरा दिवसांपासून.

शेगावचा_वारकरी
तरी मी माझी पोरगी अकोल्यालाच ठेवीन. रोज संध्याकाळी घरी येते, मला झोप लागते. आकड्यांचं तुम्ही पाहून घ्या.

महालकर
ज्याची त्याची झोप. ताई, पाठवायचीच असेल तर धाकटीची रूम भर दुपारी पाहून ठरवू नका, एजंट दुपारीच दाखवतात. क्लास सुटतो त्या वेळेला स्वतः तो रस्ता चालून या. दुकानं किती वाजता बंद होतात, ऑटो स्टँड कुठे, मधे मोकळा प्लॉट किंवा बार आहे का, ते बघा. हॉस्टेलचं गेट आठला लागत असेल आणि क्लास साडेआठला सुटत असेल तर तिथे पैसे भरूच नका. पोरी गेटबाहेर उभ्या राहतात आणि वॉर्डन म्हणते, नियम सुरक्षेसाठी आहे.