मॅच एअर रायफलसाठी हँडपंप कोणता घ्यावा?

नेमबाजाची_आई (कॉलेज रोड, नाशिक)
मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्यासाठी वापरलेली पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल घेतली, सिलेंडर २०० बार दाबाचा. क्लबमध्ये हवा भरून मिळते, पण सुट्टीत गच्चीवरचा सराव अडतो. हँडपंपांच्या किमतींत केवढा तरी फरक दिसतोय. स्वस्तातला चालेल का? की पंक्चरवाल्याकडे भरून घेऊ?

अंबडचा_फिटर
ताई, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, त्याचा इथे उपयोग नाही. आणि कोणी वेल्डिंगच्या ऑक्सिजनने भरून देतो म्हणालं तर साफ नकार द्या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो.

माझं कामच कॉम्प्रेसर दुरुस्तीचं, म्हणून किमतीआधी पाण्याचं सांगतो. जुलैत आपल्याकडे घनमीटरभर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी असतं. तुमचा सिलेंडर समजा २०० मिलीचा, तर २०० बारला त्यात ४० लिटर हवा मावते, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास पाणी. दाबाखाली त्यातलं बहुतेक थेंब होऊन बसतं आणि पुढे रायफलमधल्या रेग्युलेटरपर्यंत, म्हणजे दाब सारखा ठेवणाऱ्या भागापर्यंत जातं. म्हणून पंपाला पाणी काढायचा व्हॉल्व्ह आणि सिलिका जेलचा फिल्टर हवाच. पंप तीन टप्प्यांत हवा दाबणारा बघा, आणि ओ-रिंगचा (सीलच्या रबरी कड्यांचा) संच सुटा मिळतो का ते दुकानदाराला आधी विचारा. सील कधीतरी जाणारच, संच मिळत नसेल तर अख्खा पंप भंगारात. एवढं सगळं असलेला साधा पंपही मी घेईन, नाव बघणार नाही.

वंगण फक्त सिलिकॉनचं. साधं तेल कधीच नको, दाबाने तापून पेट घेतं.

सातपूर_पिस्तूल
वरच्याशी सहमत, एक भर. १५० बारच्या पुढे दांड्यावर अंगाचं वजन टाकावं लागतं, नववीतल्या मुलीला ते जड जाईल, पंप तुम्हीच मारा. सिलेंडर पार रिकामा होऊ देऊ नका, १०० च्या आसपास आला की भरा. थोडं मारून पंप गार होऊ द्यायचा. आणि नळी सोडण्याआधी दाब सोडायला विसरू नका.
सिलेंडरवरची तारीख बघितलीत का?

नेमबाजाची_आई
आत्ता बघितली. २०१४ छापलंय. चालेल ना?

अंबडचा_फिटर
नाही ताई. मॅच रायफलच्या सिलेंडरला कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. स्पर्धेतही मुदत संपलेला सिलेंडर चालत नाही, आणि ती बघण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात खेळाडूवरच आहे. पंपाचे पैसे सध्या नव्या सिलेंडरला लावा. मागवताना रायफलचं मॉडेल नक्की सांगा, प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे असतात. जुन्यात हवा असेल तर पेटीत हवा सोडायचा स्क्रू मिळतोय का बघा, त्याने हळूहळू सोडा. नसेल तर तसाच क्लबच्या कोचकडे न्या, घरी खोलायला जाऊ नका.