बेसबॉलमध्ये १६२ सामन्यांची कमाई पाच दिवसांत पुसली जाते, हे न्याय्य आहे का?

ब्रूअर्सवाला:
मी मिलवॉकीत राहतो. २०२५ मध्ये आमच्या ब्रूअर्स संघाने १६२ सामन्यांच्या साखळीत ९७ सामने जिंकले, त्या मोसमात सर्वांत जास्त. जुलैत लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी सहा सामने झाले, सहाच्या सहा आमचे. ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बादफेरीत, नॅशनल लीगच्या (दोन लीगांपैकी आमच्या लीगच्या) अंतिम मालिकेत त्याच डॉजर्सनी आम्हाला ४-० हरवलं. चार सामन्यांत आमच्या धावा किती? चार.

त्या मालिकेतला पहिला सामना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नववी म्हणजे शेवटची इनिंग, १-२ अशी पिछाडी, तिन्ही बेस भरलेले. आमचा फलंदाज ट्युरँग याच्या अंगावर चेंडू आला आणि तो झटकन बाजूला झाला. लागला असता तर त्याला पहिला बेस मिळून बाकीचे एकेक बेस पुढे सरकले असते, एक धाव आली असती आणि बरोबरी झाली असती! त्याला दोष देत नाही, अंग आपोआपच चुकवतं. मग तो बाद (स्ट्राइकआउट) झाला आणि सामना संपला.

सहा महिने रोज राबून मिळवलेलं असं जात असेल, तर खरा सर्वोत्तम संघ कोणता म्हणायचा?

आकडेमोड:
९७ विजय म्हणजे जेमतेम ६० टक्के. समजा तुमचा संघ कोणाहीविरुद्ध दहांपैकी सहा सामने जिंकतो. पाच सामन्यांची मालिका जिंकायची शक्यता ६८ टक्के, सातची ७१. विजेतेपदासाठी पाचची एक आणि सातच्या दोन ओळीने जिंकायच्या तर उरतात ३४ टक्के. म्हणजे एवढा चांगला संघसुद्धा तीनांतली दोन वर्षं हरणार. २००१ मध्ये सिएटलने ११६ जिंकले, तरी वर्ल्ड सिरीज (विजेता ठरवणारी शेवटची मालिका) गाठता आली नाही. २००६ मध्ये सेंट लुईस ८३ जिंकून विजेते झाले. माझ्या मते प्लेऑफमध्ये १२ संघ घेणं हीच चूक आहे.

डावखुरा:
जुलैतले डॉजर्स आणि ऑक्टोबरातले डॉजर्स एक नव्हेत. जुलैत त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) स्नेल जखमी होता, ओहतानी नुकताच पुन्हा पिचिंग करू लागला होता. त्यांचा आणखी एक पिचर यामामोतो, त्याला तर मिलवॉकीत पहिली इनिंगही पुरी करता आली नव्हती. ऑक्टोबरात त्याच मैदानावर त्याने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. शिवाय साखळीत जवळजवळ रोज सामना, म्हणून पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) लागतात. प्लेऑफमध्ये मधल्या सुट्ट्यांमुळे तीन-चारांवर भागतं. साखळीत संघाची खोली तपासली जाते, इथे धार. मला दोन्ही परीक्षा खऱ्या वाटतात.

जुना जायंट्सप्रेमी:
१९९३ मध्ये मी सॅन फ्रान्सिस्कोत होतो. तेव्हा फक्त विभागविजेते पुढे जात. आमच्या जायंट्सनी १०३ जिंकले, आमच्याच विभागातल्या अटलांटाने १०४. शेवटच्या दिवशी डॉजर्सनी आम्हाला १२-१ असं धुतलं आणि मोसम संपला. ती पद्धत कडक होती, पण सप्टेंबरातला प्रत्येक सामना जीव मुठीत धरून पाहिला. तसा सप्टेंबर मला पुन्हा मिळालेला नाही. तरी १०३ जिंकून घरी बसणं न्याय्य होतं, असं मी आजही म्हणणार नाही.

ब्रूअर्सवाला:
डावखुरा, तुमचं पटलं. पिचिंगने हरलो, नशिबाने नव्हे. तरी प्लेऑफमधली पाचची मालिका सातची करायलाच हवी. यामामोतोच्या त्या सामन्यात आमच्या चोरिओने पहिल्याच चेंडूवर होम रन मारला तेव्हा मी मुलीला उचलून घेतलं होतं. त्यानंतर अख्ख्या सामन्यात आम्हाला दोनच हिट (बेस मिळवून देणारे फटके) मिळाले.