मदत हवी आहे: चार-माशांच्या ओळख-तक्त्यात तीन ठिकाणी अडलंय

ओढ्याकाठी

कॅनडात गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींसाठी सॅल्व्हेलिनस प्रजातीचा, म्हणजे सामनच्या कुलातल्या 'चार' (char) माशांचा, ओळख-तक्ता मराठीत करतोय. नुसतं 'चार' लिहिलं की आकडा वाटतो, म्हणून सगळीकडे 'चार-मासा' असं जोडून लिहिलंय. शास्त्रीय परिभाषेप्रमाणे सॅल्व्हेलिनस ही प्रजाती आणि तिच्यातल्या आल्पिनस (आर्क्टिक चार-मासा), माल्मा (डॉली वार्डन), कॉन्फ्लुएन्टस (बुल ट्राउट), फॉन्टिनॅलिस (ब्रुक ट्राउट), नामायकुश या जाती.

नामायकुश, म्हणजे लेक ट्राउट, याची ओळ पूर्ण झाली आहे: शेपटीला खोल खाच, डोक्यापासून परांपर्यंत फिकट ठिपके. तक्त्याची पहिली पायरी रंगाची आहे. बाकी अडचणी अशा:

१. ब्रिटिश कोलंबियात बुल ट्राउट आणि डॉली वार्डन वेगळे कसे काढायचे? दोघांचे फोटो शेजारी ठेवले तरी फरक सांगता येत नाही.
२. आर्क्टिक चार-मासा आणि डॉली वार्डन यांच्यासाठी ठिपक्यांचा आकार हा निकष लिहिलाय. तो पुरेसा आहे का?
३. आइसलँडच्या थिंगवल्लावात्न सरोवरातले चार प्रकार चार ओळींत लिहायचे की एकाच?

आल्बर्टात बुल ट्राउट ठेवून घ्यायला बंदी आहे, त्यामुळे तक्ता चुकला तर मासा मरतो. कृपया अंदाजाने उत्तर देऊ नका.

मोजपट्टी

आधी तक्त्याचा क्रम बदला. तुमची पहिली पायरी रंगाची दिसते. विणीच्या दिवसांत पोट लालभडक होतं, समुद्रातून आलेला मासा चांदीसारखा असतो आणि त्याचे ठिपके जवळजवळ दिसत नाहीत. पहिली पायरी ठिपके आणि अंग यांच्या नात्याची ठेवा: गडद अंगावर फिकट ठिपके म्हणजे चार-मासा, फिकट अंगावर काळे ठिपके म्हणजे ब्राउन किंवा रेनबो ट्राउट. मेलेला मासा हातात असेल तर टाळूच्या मधल्या हाडावरून, म्हणजे व्होमरवरून, बोट फिरवा. चार-माशाला दात फक्त पुढच्या टोकाशी लागतात. ब्राउन आणि रेनबोमध्ये ते मागच्या दांड्यावरही असतात. लेक ट्राउटमध्ये पुढच्या टोकापासून मागे गेलेल्या उंचवट्यावर दात असतात, तिथे फसू नका.

आता बुल आणि डॉली वार्डन. टेड कॅव्हेंडर यांनी 1978 मध्ये बुल ट्राउट स्वतंत्र जात म्हणून मांडेपर्यंत हे दोन्ही मासे एकाच नावाखाली मोडत, म्हणजे तुमची अडचण जुनीच आहे. हास आणि मॅकफेल यांनी 1991 मध्ये दिलेलं सूत्र आजही सर्वांत कामाचं आहे:

0.629 × गलफडाखालचे काटे + 0.178 × गुदपराचे मुख्य काटे + 37.310 × (वरच्या जबड्याची लांबी ÷ प्रमाण लांबी) − 21.8

उत्तर धन आलं तर बुल, ऋण आलं तर डॉली वार्डन.

उदाहरण: काटे 27, गुदपर 9, जबडा 39 मिमी, प्रमाण लांबी 300 मिमी. 16.98 + 1.60 + 4.85 − 21.8 = +1.63, म्हणजे बुल. दुसरा मासा: 22, 9, 33 मिमी, 300 मिमी. उत्तर −2.26, म्हणजे डॉली वार्डन.

चुका कुठे होतात ते नीट वाचा. गलफडाखालचे काटे दोन्ही बाजूंचे मिळून मोजायचे असतात. एकाच बाजूचे घेतले तर प्रत्येक मासा डॉली वार्डन ठरतो, आणि आकडे व्यवस्थित दिसत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. प्रमाण लांबी म्हणजे मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या हाडाच्या शेवटापर्यंत. शेपूट किंचित वाकवली की जिथे घडी पडते, तिथपर्यंत. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलं तर वरच्या पहिल्या माशाचा आकडा साधारण 0.4 ने घसरतो. गुदपराचे शेवटचे दोन काटे एकाच बुडातून निघत असतील तर ते एक धरा, पुढचे आखूड काटे सोडून द्या. विणीतल्या नराचा जबडा वाढून गळासारखा वळलेला असतो, त्याला हे सूत्र लावू नका. उत्तर शून्याच्या अगदी जवळ आलं तर संकराची शक्यता धरून डीएनए तपासणीसाठी पराचा तुकडा ठेवा. ब्रिटिश कोलंबियात या दोघांचा संकर होतो.

हे सगळं परवान्याने घेतलेल्या नमुन्यांसाठी आहे. गळवाल्यांच्या तक्त्यात सूत्र घालू नका, त्यांच्यासाठी फोटो आणि पाण्याचं नाव एवढंच मागा.

ओढ्याकाठी

खूप आभार. एकाच बाजूचे काटे मोजण्याची चूक माझ्या मसुद्यात होती, दुरुस्त केली. गळवाल्यांसाठी 'पाठपरावर काळं नाही, तर पाण्यात परत' हा आल्बर्टातला नियम पुरेसा आहे का? ब्रुक ट्राउटशी गल्लत होऊ नये म्हणून विचारतोय.

थंडपाणी

बुल वाचवण्यासाठी पुरेसा आहे, जात ओळखण्यासाठी नाही. ब्रुक ट्राउटच्या पाठपरावर काळ्या नागमोडी रेघा असतात, पाठीवर गांडुळासारखी नक्षी, अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके, आणि खालच्या परांच्या पांढऱ्या कडेला लागून काळी रेघ. बुलचा पाठपर साफ असतो. लेक ट्राउटवरही काळं नसतं, म्हणून या नियमाने तोही पाण्यात परत जातो. चूक सुरक्षित बाजूला होते, आणि नियम असाच असावा.

खरी अडचण ब्रुक आणि बुल यांच्या संकराची. त्याच्या पाठपरावर पुसट रेघा असतात. पुसट दिसल्या तरी 'सोडा' असंच लिहा. ही संकरित पिल्लं बहुतांशी वांझ निघतात, म्हणजे बुलच्या मादीची त्या वर्षीची वीण फुकट जाते. बाहेरून आणून सोडलेल्या ब्रुकमुळे बुलचं नुकसान होतं ते असं, फक्त खाण्यावरून नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सर्वांत मोठा ठिपका डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठा असेल तर आर्क्टिक, लहान असेल तर डॉली वार्डन, हे पहिली चाळणी म्हणून ठीक आहे. समुद्रातून नुकत्याच आलेल्या चंदेरी माशावर ते चालत नाही. निर्णय आतल्या मोजणीवर घ्या.

गिल रेकरसाठी, म्हणजे कल्ल्याच्या कमानीवरच्या काट्यांसारख्या दातऱ्यांसाठी, डावीकडची पहिली कल्ल्याची कमान कापून काढा, पाण्यात धरा, वरच्या आणि खालच्या बाजूचे वेगवेगळे मोजा. टोकांकडचे बारीक कोंब सोडले जातात आणि तिथेच दोन माणसांच्या आकड्यांत फरक पडतो. ते धरायचे की नाही हे आधी ठरवा. पायलोरिक सीका, म्हणजे जठराच्या पुढे आतड्यावर असलेल्या बोटांसारख्या नळ्या, चरबीत गुरफटलेल्या असतात. आतडं पाण्याच्या ताटलीत ठेवून चिमट्याने चरबी सोडवा, एकेक नळी बुडाशी कापून बाजूला रांगेत ठेवत मोजा. जागच्या जागी मोजल्या तर हमखास चुकतात. काही नळ्यांना फाटे असतात, म्हणून टोकं मोजली की बुडं हे नोंदीत लिहा. ठोकळमानाने डॉली वार्डनमध्ये त्या तिशीच्या आसपास, आर्क्टिकमध्ये चाळिशीच्या आसपास किंवा जास्त. रेकरही आर्क्टिकमध्ये जास्त. आकडे एकमेकांत घुसतात, त्यामुळे एका माशावरून सरोवराचं नाव ठरवू नका.

जुन्या नोंदी उतरवताना मॅकेन्झी नदीच्या पश्चिमेच्या नद्यांतले 'आर्क्टिक चार' तसेच घेऊ नका. ते मासे आता डॉली वार्डनच्या उत्तरेकडच्या रूपात धरले जातात. या रूपात मणके साधारण 66 ते 70, दक्षिणेकडच्या रूपात 62 ते 65. क्ष-किरण चित्रावर मोजणं सोपं जातं.

हिमकडा

थिंगवल्लावात्नसाठी माझं मत: जात एकच, सॅल्व्हेलिनस आल्पिनस, आणि तिच्याखाली चार उपओळी. हे सरोवर सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचं आहे आणि एवढ्या थोड्या काळात तिथे चार रूपं तयार झाली. स्थानिक नावं ठेवाच: द्वेर्गब्लेक्या तळाशी राहणारा बुटका, कुदुंगाब्लेक्या तळाचा मोठा, मुर्ता प्लवक खाणारा, सिलाब्लेक्या मासे खाणारा. तळाच्या दोघांचं तोंड खाली वळलेलं, खालचा जबडा आखूड, अंग गडद. ते मुख्यतः गोगलगायी टिपतात. वर पोहणाऱ्या दोघांचं मुस्कट टोकदार आणि जबडे सारख्या लांबीचे.

रकान्यात विणीचा महिना जरूर घाला, कारण रूपं वेगळी टिकण्यात त्याचा वाटा आहे. कुदुंगाब्लेक्या जुलै-ऑगस्टमध्ये वितो, मुर्ता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बुटका ऑगस्ट ते नोव्हेंबर असा लांबलचक. इंग्लंडच्या विंडरमियरमध्येही शरदात उथळ पाण्यात विणारे आणि वसंतात खोल पाण्यात विणारे असे दोन गट आहेत. गुंथर यांनी 1862 मध्ये तिथल्या माशाला विलुग्बी अशी वेगळी जात दिली. कोटेलाट आणि फ्रायहोफ यांनी 2007 मध्ये युरोपातल्या अशा अनेक सरोवरांतल्या माशांना स्वतंत्र जाती मानलं. बरेच अभ्यासक ते सगळे आल्पिनसमध्येच ठेवतात. तक्त्यात एक बाजू घ्या, पण 'सरोवर' आणि 'रूप' हे रकाने कधीही गाळू नका. उद्या नावं बदलली तरी ती नोंद वापरता येते. नुसतं 'आल्पिनस' लिहून ठेवलेली नोंद पुन्हा उलगडता येत नाही.

ओढ्याकाठी

पटलं, चार उपओळी करतो. शेवटचे दोन प्रश्न. परातला तुकडा कशात ठेवायचा? आणि भारतातले वाचक 'स्नो ट्राउट' या तक्त्यात शोधतील, त्यांना काय सांगू?

थंडपाणी

तुकडा सुमारे 5 मिमी, 95 टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रव. 24 तासांनी इथेनॉल बदला. फॉर्मेलिनमध्ये अजिबात नको, डीएनए तुटतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, इथेनॉलमध्ये शाई उतरते. मापं मासा ताजा असतानाच घ्या, द्रवात तो आक्रसतो.

स्नो ट्राउट म्हणजे शिझोथोरॅक्स, कार्पच्या कुलातला. खूण सोपी आहे: पाठपर आणि शेपटी यांच्यामध्ये काटे नसलेला छोटा मांसल पर, म्हणजे मेदपर, पाहा. सामनच्या कुलात तो असतो, स्नो ट्राउटला नसतो. काश्मीर-हिमाचलच्या ओढ्यांत गळाला लागणारे ब्राउन आणि रेनबो यांना मेदपर असतो, पण ते तुमच्या पहिल्याच पायरीवर, काळ्या ठिपक्यांमुळे, बाहेर पडतील.